पिल्लाच्या चाव्याचे माप

देवरूख आणि आसपासच्या गावांत भात आणि मांजर यांची सोबत जुनी आहे. भातामागे उंदीर येतात, उंदरांमागे मांजर येते. कोणाच्या तरी माळ्यावर मांजरी वीते, पिल्ले लपलप दूध पिऊ लागली की त्यांतले एखादे शेजारी घेऊन जातात. हे पिल्लू घरात रुळते आणि मुलांच्या हातापायांशी झोंबू लागते. प्रथम सर्वांनाच मौज वाटते. पुढे दात बळकट होतात, एखाद्या मुलाच्या हाताला रक्त येते, रेबीजची धास्ती बसते आणि ‘मांजर वाईट निघाले’ असे म्हणून त्याला पिशवीत घालून दूर सोडून देतात. आमच्या मते पिल्लू वाईट निघालेले नसते. त्याचा एक धडा शिकायचा राहिलेला असतो. तो कोणता, हे या लेखात पाहू.

खेळ आणि शिकार

पिल्लाचे डोळे साधारणपणे ७ ते १० दिवसांत उघडतात. चौथ्या आठवड्यापासून भावंडांची कुस्ती सुरू होते. मेरेडिथ वेस्ट या संशोधिकेने १९७४ साली पिल्लांच्या खेळातील आठ ठरावीक पवित्र्यांचे वर्णन केले. पोट वर करून उताणे पडणे, पाठीची कमान करून तिरके चालणे, झेप घेणे, पाठलाग करणे हे त्यांपैकी काही. सातव्या-आठव्या आठवड्यापासून डोळा आणि पंजा यांचा मेळ चांगला जमू लागतो आणि पिल्लू हलणाऱ्या वस्तूंमागेही धावू लागते.

या हालचालींपैकी बऱ्याच शिकारीच्याही आहेत. मांजर उंदराच्या मानेत सुळे रोवून त्याला मारते. खेळातले पिल्लूही भावंडाची मान धरते. फरक असतो तो जोराचा. हा जोर आवरणे पिल्लू कोणाकडून शिकते?

भावंडांची शाळा

एका पिल्लाने जोरात चावले की दुसरे किंचाळते, उलटून चावते किंवा उठून निघून जाते. म्हणजे खेळ मोडतो. पिल्लाला खेळ हवा असतो, तो गमावणे हीच त्याला शिक्षा. असे दिवसातून अनेकदा घडते आणि पिल्लू चाव्याचे माप शिकते. आईही अति दांडगाई करणाऱ्याला पंजाने आवरते.

चार-पाच आठवड्यांचे पिल्लू उचलून आणले, तर ही शाळा सुरू होताच सुटते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सुमारे ६,००० मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून मिळवून प्रसिद्ध केली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकता अधिक आढळली. चौदा आठवड्यांनंतर वेगळी केलेली मांजरे त्या मानाने शांत होती. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, परंतु दिशा स्पष्ट दिसते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. ती फिरवत असेपर्यंत पिल्ले तिच्याजवळ राहू द्यावीत, आणि जमल्यास दोन भावंडे एकत्र आणावीत.

थॉर्नडाइकचे मांजर

पिल्लू एकटे आलेच असेल, तर भावंडाचे काम आपल्याला करावे लागते. येथे शिक्षकांच्या परिचयाचा एक प्रयोग उपयोगी पडतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली भुकेली मांजरे पेटीत ठेवून ती बाहेर कशी पडतात हे पाहिले. धडपडताना चुकून खिट्टी निघे, दार उघडे आणि खाद्य मिळे. पुन:पुन्हा संधी दिल्यावर सुटकेचा वेळ कमी होत गेला. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती टिकते, हा नियम त्यातून पुढे आला.

आता पिल्लाकडे पाहा. ते बोटाला चावते, आपण ‘हाय’ करून हात झटकन मागे घेतो. पळणारा हात म्हणजे त्याच्या दृष्टीने पळणारा उंदीर! चावल्यामुळे खेळ रंगला, हा सुखद परिणाम. म्हणून दात लागताच हात स्थिर ठेवावा. मांजराचे सुळे मागे वळलेले असतात. हात ओढल्यास कातडी अधिक फाटते. पकड सुटली की काही न बोलता उठून जावे, अर्धा-एक मिनिट लक्ष देऊ नये, मग खेळ पुन्हा सुरू करावा.

मारू नये. शिक्षेचा परिणाम बक्षिसाइतका भरवशाचा नसतो, असे थॉर्नडाइक यांनाच १९३०च्या दशकात आढळले. शिवाय मारणारा हात आणि खेळणारा हात एकच असल्याने पिल्लू हाताला भिऊन आणखी चावते.

आरंभी काही दिवस चावणे वाढल्यासारखे वाटेल. नेहमीचे फळ मिळेनासे झाले की प्राणी आधी अधिक जोर लावून पाहतो. अशा वेळी घरातील एकानेही हाताने झोंबी खेळली, तर सर्व मेहनत वाया जाते, कारण अधूनमधून फळ मिळणारी सवय सर्वांत चिवट असते.

हाताऐवजी नारळाच्या लांब हिराला चिंधीचा गोळा पक्का बांधावा आणि तो जमिनीवरून उंदरासारखा पळवावा. शेवटी गोळा पकडू द्यावा व लगेच खायला द्यावे. शिकारीनंतर खाणे आणि झोप, हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. सुटा दोरा मात्र मागे ठेवू नये. गिळल्यास आतड्यात अडकतो.

साडेतीन ते सहा महिन्यांत दुधाचे २६ दात पडून ३० कायमचे दात येतात. त्याआधीच हा धडा पक्का व्हावा.

चावल्यास

जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. मांजर घरचे असले, ओरखडा किरकोळ वाटला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी सांगितल्यास रेबीजच्या लसीचा पूर्ण क्रम घ्यावा. बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. अणकुचीदार सुळ्यांनी ते खोल जातात आणि एका दिवसात हात सुजू शकतो. पिल्लालाही पशुवैद्यकाकडून वेळेवर रेबीजची लस टोचून घ्यावी.

वर्गासाठी

ज्यांच्या घरी पिल्लू आहे, अशा विद्यार्थ्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली रोज दहा मिनिटे हिराने खेळून नोंद ठेवावी: तारीख, दात किती वेळा लागले, त्यानंतर खेळ थांबवला की नाही. तीन आठवड्यांनी आलेख काढावा. आकडा कमी झाला नाही, तर घरात हाताने कोण खेळते याचा शोध घ्यावा. बहुधा उत्तर तेथेच सापडेल.