भाताच्या जाळीतला पाहुणा

पावसच्या आमच्या घरात भातावर झाकायची तारेची एक जाळी होती. घुमटासारखी, वर लाकडी बोंड असलेली. गेल्या ऑगस्टमध्ये ती स्वयंपाकघरातून नाहीशी झाली आणि पडवीतल्या टेबलावर उगवली. “मेल्या, माशा बसू नयेत म्हणून ती जाळी, आणि तू आत माशा सोडतोस?” काकू म्हणाली. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. जाळीच्या छताला बोटभर लांबीचा एक हिरवा कीटक उलटा लटकला होता. काकू हातवारे करत होती, तिकडे त्याने सावकाश मान वळवली. कीटकाने अशी मान वळवून आपल्याकडे पाहिलं की माणूस जरा चपापतोच. काकू गप्प झाली.

पाठ्यपुस्तकात हा प्रार्थनाकीटक, काही ठिकाणी खंडोबाचा किडा. आमच्या वाडीत मात्र सरसकट नाकतोडा, आणि हे त्याच्यावर अन्यायाचं आहे. नाकतोडा पानं खातो, हा नाकतोड्याला खातो. खरं नातं झुरळ आणि वाळवीशी. ते मी काकूला अजून सांगितलेलं नाही.

जाळीची युक्ती माझी नाही. फ्रान्समधले झाँ आँरी फाब्र यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या घरी असे कीटक पाळले होते, तेही खाण्याचे पदार्थ झाकायच्या जाळीखालीच. खाली वाळू भरलेलं भांडं, त्यात एखादं झुडूप आणि अंडी घालायला एक सपाट दगड, एवढा संसार. खाणं पुरवताना त्यांच्या नाकी नऊ आले, तेव्हा पाव-लोणी आणि कलिंगड-खरबुजाच्या फोडी देऊन त्यांनी गावातल्या पोरांना टोळ पकडायला लावलं. मी फणसपोळीवर भागवलं.

त्याआधी एक चूक करून झाली होती. जूनमध्ये सापडलेलं पहिलं पिल्लू मी प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवलं. झाकणाला भोकं पाडली, आत एक काडी टाकली आणि झालं आपलं, असं समजलो. हा कीटक मोठा होताना सात-आठ वेळा कात टाकतो, आणि दर वेळी उलटा लटकून. जुनी कात वर घट्ट धरून राहते आणि तो तिच्यातून डोकं खाली करून सरकत बाहेर येतो. म्हणजे त्याच्या लांबीच्या तिप्पट तरी उंची हवी आणि वर पाय रोवायला खडबडीत काहीतरी हवं. माझ्या बरणीचं झाकण गुळगुळीत. सकाळी पाहिलं तर पिल्लू तळाला, अर्धं कातीत, अर्धं बाहेर, पुढचे दोन्ही पाय वाकडे होऊन तसेच वाळलेले. त्या पायांनी शिकार धरता येत नाही. चार दिवसांनी ते गेलं. जाळीला हा प्रश्न नाही, छत आणि भिंती दोन्ही धरायला मिळतात.

कात टाकायच्या आधी एक-दोन दिवस तो खाणं सोडतो. तेव्हा आत रातकिडा ठेवणं म्हणजे घातच. कात टाकताना त्याचं अंग मऊ असतं आणि रातकिडा ते कुरतडतो. पंख फुटले की तो प्रौढ झाला, मग पुन्हा कात नाही. मादी की नर, हे पोटाखालचे खंड मोजून कळतं. मादीला सहा, नराला आठ. माझी मादी निघाली.

पाळणाऱ्यांसाठीच्या परदेशी पुस्तकांत रोज पाणी फवारा, ओलावा राखा, असं बजावलेलं असतं. ते लिहिणारे श्रावणात पावसला आलेले नसावेत. इथे चपलांवर बुरशी चढते. बंद काचेच्या पेटीत कीटकापेक्षा बुरशीच आधी वाढेल. हवा खेळती राहिली की पावसाळ्यात वेगळं काही करावं लागत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र संध्याकाळी जाळीवर दोन फवारे मारायचे. वाटीतलं पाणी त्याला कळत नाही, तारेवरचे थेंब तो तोंड लावून पितो. मुंग्यांचा बंदोबस्त घरचाच, टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. आणि एका जाळीत एकच. दुसरा ठेवलात तर तो पाहुणा ठरत नाही, जेवण ठरतो.

खाणं जिवंतच लागतं, हलणारं. लहानपणी केळ्याच्या सालीवर धरलेली चिलटं, मग घरमाशा, दिव्याखालचे पतंग, कोवळे टोळ. भक्ष्य त्याच्या निम्म्या लांबीहून मोठं नको. पिल्लाला रोज, प्रौढाला दोन-तीन दिवसांनी. पोट फुगलेलं दिसलं की उपास. माशी आत सोडली की आधी डोकं फिरतं, मग अंग वाऱ्यावरच्या पानासारखं डुलायला लागतं आणि एकाएकी माशी त्याच्या हातात असते. मधलं काही दिसत नाही. मग कणीस खावं तसं निवांत खाणं. पंख तेवढे खाली पडतात. शेवटी पुढचे पाय काट्याकाट्यानिशी चाटूनपुसून साफ. आमरसाचं बोट चाटणारं पोर बघावं तसं.

अंतराचा हा अंदाज त्याला दोन डोळ्यांच्या मेळातून येतो. १९८३ साली सॅम्युएल रॉसेल यांनी ते दाखवून दिलं. पुढे न्यूकॅसल विद्यापीठातल्या विवेक नित्यानंद, जेनी रीड आणि सहकाऱ्यांनी या कीटकांना मधमाशीच्या मेणाने चिमुकले थ्रीडी चष्मे चिकटवले आणि पडद्यावरची खोटी शिकार दाखवली. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. शिकार जवळ भासली की कीटक झडप घालत, तीच पडद्यावर सपाट दिसली की बसून राहत.

नोव्हेंबरात खरी पंचाईत झाली. पावस म्हणजे हापूसचा मुलूख. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक इथे पंचांगासारखं पाळतात. पालवीपासूनच तुडतुड्यांवर फवारणी सुरू होते, डेल्टामेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन आणि पुढची. बागायतदाराला दुसरा इलाज नाही, वर्षाचं पीक त्या मोहोरावर असतं. पण औषध तुडतुड्यापाशी थांबत नाही. बागेतून आलेली माशी ते अंगावर घेऊन येते आणि जाळीतला शिकारी ते पोटात घेतो. पोरं खुशीत होती, कारण आता माशा नुसत्या हातानं धरता येत होत्या. मला तिथेच शंका आली. जी माशी सहज हाती लागते, ती औषधानं गुंगलेली असते, आणि नेमकी तीच द्यायची नाही. एकाने तर फळमाशीच्या सापळ्यातल्या मेलेल्या माशा मूठभर आणल्या. हलत नसल्याने त्या तिने बघितल्याही नसत्या, पण त्या फेकून पोराला आधी हात धुवायला पाठवलं. स्वयंपाकघरातली झुरळंही बाद, तिथे वेगळं औषध. शेवटी पडवीतच दोन बरण्यांना कापड बांधून चिलटं आणि रातकिडे वाढवायला घेतले. एक किडा पाळायचा तर त्याच्या खाण्याचे शंभर पाळावे लागतात.

कर्नाटकात २०१७ साली एका घराच्या गच्चीवरच्या कुंडात असाच एक नर पाच दिवसांत नऊ गप्पी मासे पकडून खाताना नोंदला गेला. हे मी काकूला सांगितलं.

“मासे खातो?” तिने पहिल्यांदाच नीट वाकून पाहिलं. “मग आपल्यातलाच हो.”

त्या दिवसापासून रातकिड्यांना काकडीची साल काकू घालायला लागली.

जानेवारीत मादीने जाळीच्या आतून फेस काढायला सुरुवात केली. पोटाचं टोक एका लयीत डावी-उजवीकडे हलत होतं आणि पांढरा फेस थरावर थर चढत होता. दुपारपर्यंत तो वाळून तपकिरी झाला, वाळक्या स्पंजच्या तुकड्यासारखा, तारेत पक्का रुतलेला. फेब्रुवारीत ती मेली. तिला नर कधी भेटलाच नव्हता, म्हणजे अंडी रिकामीच असणार. हे मी पोरांना सांगितलं होतं, तरी ती महिनाभर रोज येऊन गोळ्याला नाक लावून बघत राहिली.

तो गोळा अजून तिथेच आहे. काकूने दोनदा गरम पाणी ओतून पाहिलं, तो हलला नाही. रत्नागिरीहून येताना नवी जाळी घेऊन ये, असा तिचा कालच निरोप आला. दोन आण, म्हणाली.