तीन नटांचं चाक

भिलाईतल्या ओळखीच्या गॅरेजात एक जुनी टाटा नॅनो कामाला आली होती. मिस्त्रीने जॅक लावून मागचं चाक उतरवलं आणि नट माझ्या तळहातावर ठेवले. "मोजा, काकाजी. तीनच आहेत."

इंजिनापर्यंत पोचायला डिकीचा दरवाजा उघडावा, तर या मॉडेलला तो नाहीच. त्याने मागच्या सीटची पाठ पुढे झुकवली, आतल्या झाकणाचे स्क्रू काढले. खाली 624 सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन दिसलं. दरवाजा गाळला की बिजागऱ्या आणि कुलूप वाचतं. शिवाय पाठ बंद असली की कमी पत्र्यातही सांगाडा ताठ राहतो.

इंजिन मागे आणि मागचीच चाकं ओढणारी, त्यामुळे पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम. पुढचा भाग हलका, म्हणून स्टिअरिंगही सोपं. पण भार मागे पडतो. म्हणून पुढचे टायर 135 मिलिमीटर रुंद, तर मागचे 155. "यांची पुढे-मागे अदलाबदल चालत नाही," मिस्त्रीने बजावलं.

मागे इंजिन असलेल्या स्वस्त गाडीचा ध्यास आपल्याकडे जुना आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये 'मीरा' ही छोटी गाडी रस्त्यावर आणली आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिच्या नव्या आवृत्त्या घडवल्या. इंजिन मागे, पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबर. 1975 च्या सुमारास किंमत 12 हजारांच्या आसपास ठरत होती. पण मीराचं कारखान्यात उत्पादन कधी सुरू झालं नाही. मला ती हळहळ आजही वाटते.

जानेवारी 2008 मध्ये गिरीश वाघ यांच्या चमूने घडवलेली नॅनो एक लाखाच्या किमतीसह दिल्लीत उभी राहिली. काचेवर एकच वायपर, तोही मधोमध. लोकांनी याला काटकसर म्हटलं. मला त्यात मेहनत दिसते.

मिस्त्रीने चाक बसवलं, नट आळीपाळीने आवळले आणि चाकाला हिसका देऊन पाहिला. चाक जागचं हललं नाही. चौथा नट वगळण्याआधी कुणीतरी सहाशे किलोंच्या गाडीचा भार, वळणं, खड्डे मांडून तीन पुरतात हे पडताळलं होतं.