गर्भारपण, मिश्र त्वचा आणि लेबलाचे वाचन

व्यापारी घरात आलेल्या मालाचे बिल तपासल्याशिवाय वहीत नोंद होत नाही. त्याच घरात गर्भवती सुनेच्या चेहऱ्यावर लागणारे मलम मात्र बहुधा कोणीच वाचत नाही.

गर्भारपणात संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू शकतात. मिश्र त्वचेत कपाळ, नाक व हनुवटी तेलकट, तर गाल कोरडे असतात. अशा स्त्रीला एकाच वेळी मुरूम आणि कोरडेपणा सोसावा लागतो. अनेकींना वांगही येतो. प्रसूतीनंतर तो पुष्कळदा फिकट होतो. परंतु ‘चेहरा काळवंडला’ असे घरातच वारंवार कानी पडले, की ती निमूटपणे गोरेपणाच्या मलमाकडे वळते. खरा धोका तेथेच असतो.

अशा काही मलमांत पारा आढळला आहे. तो मूत्रपिंडास अपाय करतो आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. घटकांची यादी नसलेली डबी म्हणूनच घरात आणू नये. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्याच प्रमाणात शोषले जाते, तेही टाळावे. पोटात घेतल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंगे उद्भवतात. त्याच कुळातील रेटिनॉल, ट्रेटिनॉइन व अ‍ॅडापलीन ही लावण्याची औषधेही खबरदारी म्हणून वर्ज्य मानली जातात. यांपैकी काही अजाणतेपणी वापरले गेले असल्यास घाबरून न जाता ते थांबवावे आणि डॉक्टरांना सांगावे.

नित्याची निगा साधी असते. दिवसातून दोनदा कोमट पाणी व सौम्य, सुगंधविरहित फेसवॉश पुरे. गालांना दाट मॉइश्चरायझर लावावे, कपाळ व नाकाला हलके जेल. मुलतानी मातीने कोरडे गाल अधिकच ओढले जातात, लिंबाच्या रसाने त्वचेची आग होते. वांगावर सर्वांत महत्त्वाचा उपाय उन्हापासून बचाव हा होय. त्यासाठी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे आणि छत्री वापरावी. मुरूम वाढल्यास डॉक्टर अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडसारखे सुरक्षित औषध देऊ शकतात.

एक लक्षण मात्र सौंदर्याचे समजू नये. पुरळ नसताना तळहात व तळपायांना तीव्र खाज सुटणे, विशेषतः रात्री, हे यकृताच्या विकाराचे चिन्ह असू शकते. तेव्हा मलम न शोधता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सुनेच्या रंगाविषयी न बोलणे, हाही निगेचाच एक भाग आहे.