वळणावरची नस

"डॉक्टर, एका दाढेच्या रूट कॅनालला एवढा वेळ?" खुर्चीवरून उठताना पेशंट विचारतात. मी एक्स-रे उजेडासमोर धरून मूळ दाखवतो. खालच्या पहिल्या दाढेचं पुढचं मूळ बहुतेकदा मधेच घशाच्या दिशेला झुकतं, आणि त्याच्या पोटात नस असलेल्या बारीक अशा दोन नलिका असतात. वेळ जातो तो त्या वळणात.

हे वळण अंशांत मोजायची रीत श्नायडर यांनी 1971 मध्ये मांडली. 5 अंशांपर्यंत नलिका सरळ धरायची, 10 ते 20 मध्यम वाकडी, 25 ते 70 अतिशय वाकडी. एक्स-रेवर मात्र पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. वरच्या दाढेचं टाळूकडचं मूळ पुष्कळदा गालाकडे वळतं. एक्स-रेही गालाकडूनच काढलेला, त्यामुळे ते मूळ फोटोत सरळसोट दिसतं.

वाकड्या नलिकेत स्टीलची फाइल, म्हणजे नलिका घासायची सुईसारखी बारीक कानस, घातली की ती सरळ व्हायला बघते. जितकी जाड फाइल, तितका तिचा ताठा जास्त. मग टोक वळणाच्या बाहेरच्या भिंतीत घुसतं आणि तिथे पायरी पडते. पुढची प्रत्येक फाइल त्याच पायरीवर अडते. खरी वाट बाजूलाच असून सापडत नाही. आतल्या अंगाला, दोन मुळांच्या बेचक्याकडे, भिंत मुळातच पातळ असते. तिथे जास्त घासलं तर मुळाला भोक पडतं, आणि अशी दाढ वाचवणं फार अवघड.

म्हणून सुरुवात दहा नंबरच्या जांभळ्या मुठीच्या फाइलनं. तिचं टोक 0.1 मिलिमीटर. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर मी आधीच हलके वाकवून घेतो आणि रबरी स्टॉपरची खूण त्याच बाजूला फिरवतो. टोक दाढेत दिसेनासं झालं तरी ते कुठे बघतंय, हे खूण सांगते. मग हातातल्या घड्याळाला चावी देतात तशी चिमटीत जराशी मागे-पुढे फिरवायची. अडली तर ढकलायची नाही. बाहेर काढायची, पुसायची, नलिका धुवायची, पुन्हा वाकवून आत. टोकापर्यंत ती सैल खेळायला लागली की मगच पंधरा नंबर. पुढच्या नंबरची घाई मी विद्यार्थी असताना एका काढलेल्या दाढेवर केली होती. फाइल पायरीवर आपटते तेव्हा बोटांना जो टणक ठोका लागतो, तो अजून विसरलेलो नाही.

1988 मध्ये वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून फाइल बनवून पाहिली. ती स्टीलपेक्षा दोन ते तीन पट लवचीक निघाली. आज मोटरवर फिरतात त्या फाइल्स याच धातूच्या, आणि वळणात नलिकेचा मूळ आकार त्या खूपच चांगला राखतात. पण वळणात फिरताना धातू प्रत्येक फेऱ्याला एका अंगानं ताणला जातो, दुसऱ्या अंगानं दाबला जातो, आणि काही इशारा न देता तुटतो. त्यामुळे हातानं वाट मोकळी केल्याशिवाय मोटर लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तुकडा आत राहिलाच, तर पेशंटला त्याच दिवशी सांगावं.

शिवाय फाइल सगळीकडे पोचत नाही. झुरिकच्या संशोधकांनी 2001 मध्ये वरच्या दाढांचं सूक्ष्म सीटी स्कॅन करून पाहिलं, तेव्हा नलिकेच्या भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलनं शिवलेलाच नव्हता. नलिकेचं तोंड रुंद करून तिला निमुळता आकार द्यायचा तो यासाठीच: सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी वळणापलीकडे पोचावं, फाइल जिथे लागली नाही तिथली कुजलेली नस त्यानं विरघळवावी. खुर्चीत आडवं असताना पोहण्याच्या तलावासारखा जो वास नाकाला येतो, तो त्याच पाण्याचा.