उडत्या तबकडीचा अचूक वेध : सातत्य येते कोठून?

बिद्री (ता. कागल) : राधानगरी, कागल आणि भुदरगड तालुक्यांतील ऊस ज्या बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यात गाळपाला येतो, त्याच पट्ट्यात आज नेमबाजीची चर्चा गावागावांत होते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले आणि १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राची वैयक्तिक पदकाची ७२ वर्षांची प्रतीक्षा संपविली. त्याआधी तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक विजेतेपद पटकाविले होते, तर राही सरनोबत हिने २०१८ मध्ये पालेंबंग येथे आशियाई सुवर्ण जिंकले होते. कोल्हापूरचे नाव मोठे झाले ते रायफल आणि पिस्तूल या दोन शस्त्रांवर.

नेमबाजीची तिसरी शाखा मात्र या भागाला तुलनेने अपरिचित आहे. ती म्हणजे शॉटगन. येथे लक्ष्य कागदावर स्थिर नसते. ते हवेत उडत असते आणि जेमतेम एका सेकंदात त्याचा निकाल लागतो. या खेळाकडे वळणाऱ्या तरुणांना पहिला धक्का बसतो तो गुणांच्या चढउताराचा. सकाळच्या फेरीत २५ पैकी २३ तबकड्या फुटतात, दुपारी त्याच हातांनी, त्याच बंदुकीने १८ फुटतात. मग बंदूक बदलली जाते, काडतुसे बदलली जातात, कधी प्रशिक्षकही बदलला जातो. खर्च वाढत जातो; गुण मात्र तेथेच राहतात. हे सातत्य नेमके कशावर अवलंबून असते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कबुतरापासून तबकडीपर्यंत

हा खेळ शिकारीतून जन्माला आला. दाजीपूरचे जंगल एकेकाळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. तेथे आज अभयारण्य आहे. युरोपातही पूर्वी पिंजऱ्यातून जिवंत कबुतरे सोडून त्यांच्यावर नेम धरला जाई. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही तशी स्पर्धा झाली होती. त्याआधीच, १८८० मध्ये, अमेरिकेतील जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची तबकडी तयार केली आणि पुढे पक्ष्याची जागा तिने घेतली. 'क्ले' हे नाव टिकले असले, तरी आजची तबकडी डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडी यांच्या मिश्रणाची असते. तिचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असते.

ऑलिंपिकमध्ये आज ट्रॅप आणि स्कीट हे दोन प्रकार खेळले जातात. ट्रॅपमध्ये नेमबाजापासून १५ मीटर पुढे जमिनीखालील खंदकात १५ यंत्रे बसविलेली असतात. पाच स्थानांपैकी प्रत्येकासमोर तीन यंत्रे येतात. नेमबाजाने हाक दिली, की त्यांपैकी एकातून तबकडी सुटते. कोणत्या ते त्याला ठाऊक नसते. स्कीटमध्ये तबकडीचा मार्ग ठरलेला असतो. परंतु बंदूक कमरेजवळ धरून उभे राहावे लागते आणि हाक दिल्यानंतर तबकडी लगेच किंवा तीन सेकंदांपर्यंतच्या विलंबाने केव्हाही सुटू शकते. दोन्ही प्रकारांत प्राथमिक फेरी १२५ तबकड्यांची असते. तिसरा प्रकार, डबल ट्रॅप, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर वगळण्यात आला. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे रौप्यपदक मिळविले, ते याच प्रकारात.

एका तबकडीची किंमत

रायफलमध्ये गोळी मध्यबिंदूपासून थोडी सरकली, तर गुण थोडा कमी होतो. तरीही एकच गोळी सगळे गणित बिघडवू शकते, याचा अनुभव खुद्द कुसाळेला आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये तो अंतिम फेरीत आघाडीवर होता. उभ्या स्थितीतील एका गोळीला ७.६ गुण मिळाले आणि त्याला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. शॉटगनमध्ये तर हा मधला हिशेबच नाही. तबकडी फुटली तर एक, नाही तर शून्य.

पॅरिसमध्येच स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका या जोडीचे कांस्यपदक चीनविरुद्ध ४३-४४ अशा फरकाने हुकले. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी १९६२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये पहिल्या स्थानाशी बरोबरी साधली होती; निर्णायक फेरीत ते मागे पडले आणि रौप्यपदकाचे मानकरी ठरले. उलट बाजू पाहायची तर हांगझोऊमध्ये कायनन चेनाई, झोरावरसिंग संधू आणि पृथ्वीराज तोंडाईमान यांनी ट्रॅपचे सांघिक सुवर्ण जिंकले, तेव्हा तिघांचे मिळून ३७५ पैकी ३६१ गुण होते. म्हणजे तिघांच्या मिळून चौदाच तबकड्या सुटल्या. या पातळीवर सातत्य हाच खेळ असतो.

चढउतार किती आणि दोष किती?

गुण खालीवर होणे म्हणजे नेहमीच काहीतरी बिघडणे नव्हे, हे येथे प्रथम लक्षात घ्यावे लागते. समजा, एखादा नेमबाज शंभरपैकी सरासरी ९० तबकड्या फोडतो. गणिताच्या नियमाने त्याची २५ ची फेरी कधी २१ ची, तर कधी २४ ची होणारच. त्यात कोणताही नवा दोष नसतो. पूर्ण २५ तबकड्या फुटण्याची शक्यता त्याच्या बाबतीत केवळ सात टक्के असते. हीच सरासरी ९६ वर गेली, तर ती शक्यता ३६ टक्के होते आणि ९८ वर गेली, तर ६० टक्के.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एका वाईट फेरीवरून बंदूक किंवा पद्धत बदलणे चुकीचे आहे, ही पहिली. वरच्या पातळीवर दोन टक्क्यांची सुधारणाही फार मोठी असते, ही दुसरी. म्हणून सरावाची मोजणी फेरीगणिक न करता चारपाचशे तबकड्यांच्या टप्प्याने केली पाहिजे.

ही मोजणी केवळ बेरजेची असून भागत नाही. प्रत्येक सुटलेली तबकडी कोणत्या स्थानावरून, कोणत्या दिशेची होती आणि फुटलेली तबकडी पहिल्या नळीने फुटली की दुसऱ्या, याची नोंद वहीत हवी. ट्रॅपच्या पूर्ण फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला दहा तबकड्या डावीकडे, दहा उजवीकडे आणि पाच सरळ येतात. समजा, पाचशेत पन्नास तबकड्या सुटल्या आणि त्यांपैकी तीस एकट्या उजव्या बाजूच्या निघाल्या, तर दोष 'आज मन लागले नाही' यात नसून उजवीकडे वळण्याच्या हालचालीत आहे, हे उघड होते. मग उपायही नेमका करता येतो.

दुसऱ्या नळीचा हिशेब अनेकजण ठेवत नाहीत. ट्रॅपच्या प्राथमिक फेरीत एका तबकडीवर दोन बार काढता येतात आणि दुसऱ्याने फुटली तरी पूर्ण गुण मिळतो. अंतिम फेरीत मात्र एकच बार मिळतो. दुसऱ्या नळीवर विसंबून गुणसंख्या राखणाऱ्याचा खरा कस तेथे लागतो.

डोळा, गाल आणि दस्ता

शॉटगनला रायफलसारखी मागची माशी नसते; नेमबाजाचा डोळाच ते काम करतो. म्हणून गाल दस्त्यावर दरवेळी त्याच जागी टेकला पाहिजे. गाल किंचित जरी उचलला गेला, तरी डोळा वर जातो आणि छर्रे तबकडीच्या वरून निघून जातात. दस्ता लांब असेल तर तो बगलेत अडकतो. आखूड असेल तर खांद्यावर नीट बसत नाही. दस्त्याची लांबी आणि उंची शरीराच्या मापाने बसवून घेणे हा म्हणूनच शौक नव्हे, तर सातत्याची पहिली अट आहे. एकदा माप जुळले, की त्याला पुन्हा हात लावू नये.

प्रभावी डोळा कोणता, हेही सुरुवातीलाच पाहावे लागते. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवावी आणि तीतून दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी. नंतर एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना वस्तू जागीच राहते, तो प्रभावी. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा डोळा प्रभावी असेल, तर नेम नकळत बाजूला सरकतो आणि कितीही सराव केला तरी कारण सापडत नाही.

नळी थांबली की चुकले

काडतुसात २४ ग्रॅमपर्यंतच छर्रे भरण्याची मुभा असते. त्यांची संख्या आकारानुसार सुमारे तीनशे ते पाचशे भरते. इतके छर्रे असताना चूक कशी होते, असा प्रश्न नवख्याला पडतो. उत्तर वेळेत आहे. स्कीटमध्ये समोरून आडवी जाणारी तबकडी सेकंदाला वीस मीटरहून अधिक वेगाने धावते. वीस मीटरवर पोहोचण्यास छर्ऱ्यांना सेकंदाचा सुमारे अठरावा भाग लागतो. तेवढ्यात तबकडी मीटरभर पुढे गेलेली असते. म्हणजे नळी तिच्या पुढे हवी आणि चाप ओढतानाही ती फिरत राहिली पाहिजे.

अनेक चुकांचे मूळ येथेच आढळते. नेमबाज शेवटच्या क्षणी नेम बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी नजर तबकडीवरून नळीच्या टोकाकडे आणतो. नजर हलली, की नळी थबकते आणि छर्रे मागून जातात. नजर तबकडीवर ठेवावी, नळी आपोआप मागे येते, हा प्रशिक्षकांचा पहिला पाठ असतो, तो याचसाठी. बार निघाल्यावरही क्षणभर नळी फिरवत ठेवणे आणि गाल दस्त्यावरच ठेवणे, ही सवय अंगी बाणवावी लागते.

यासाठी दरवेळी काडतुसे खर्चण्याची गरज नाही. रिकामी बंदूक खांद्याला लावण्याचा, भिंत आणि छत जेथे मिळतात त्या रेषेवरून नळी सावकाश फिरविण्याचा सराव रोज पंधरा मिनिटे केला, तरी हालचाल पक्की होते. मात्र बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करणे आणि त्या खोलीत एकही काडतूस न ठेवणे हा नियम कधीही मोडता कामा नये. शॉटगन हे परवाना लागणारे शस्त्र आहे. त्याची हाताळणी शस्त्र परवान्याच्या नियमांनुसारच व्हायला हवी. रेंजवर एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर जाताना बंदूक उघडी आणि रिकामी ठेवण्याची शिस्तही याच सावधगिरीचा भाग आहे.

हाक देण्यापूर्वीचे दहा सेकंद

तबकडी हवेत असताना विचाराला वेळ नसतो. त्यामुळे विचाराचे काम आधीच उरकावे लागते. पाय कोठे ठेवायचे, नळी कोठे रोखायची, नजर कोठे ठेवायची, श्वास केव्हा सोडायचा आणि हाक केव्हा द्यायची, हा क्रम दरवेळी तोच हवा. पहिल्या तबकडीला जो क्रम, तोच शंभराव्या तबकडीला. नजर स्थिर होण्याआधीच हाक देणे ही घाईतून होणारी नेहमीची चूक आहे. तबकडी सुटते, ती केवळ झुळकीसारखी दिसते आणि नेमबाज तिच्यामागे धावत सुटतो.

सुटलेल्या तबकडीचे ओझे पुढच्या तबकडीवर टाकणे, ही दुसरी चूक. ट्रॅपमध्ये प्रत्येक तबकडीनंतर नेमबाज पुढच्या स्थानावर सरकतो आणि इतरांची पाळी संपेपर्यंत त्याला थोडा वेळ मिळतो. तो वेळ गुणफलक पाहण्यात घालवला, तर मन बेरजेत अडकते. तीच उसंत श्वास सावरण्यासाठी आणि क्रम मनात उजळण्यासाठी वापरली, तर एक चूक एकच राहते. तिची मालिका होत नाही.

बिद्रीपासून रेंजपर्यंत

या खेळाच्या वाटेत खऱ्या अडचणी आहेत. एका १२५ तबकड्यांच्या ट्रॅप स्पर्धेला अडीचशेपर्यंत काडतुसे लागू शकतात. देशातील नावाजलेल्या शॉटगन रेंज दिल्लीतील तुघलकाबाद, पतियाळा आणि जयपूर येथे आहेत. कागल-राधानगरीच्या मुलाला त्या जवळच्या नाहीत. म्हणूनच जे काडतूस उडवले जाईल, ते वाया जाऊ न देणे महत्त्वाचे ठरते. नोंदवही, घरचा रिकाम्या बंदुकीचा सराव आणि एकदा ठरविलेली पद्धत न बदलण्याचा संयम यांना पैसे पडत नाहीत.

कोल्हापूरच्या मातीला ही शिस्त नवीन नाही. तालमीत एकच डाव हजार वेळा घोटून घेणाऱ्या वस्तादांचा हा जिल्हा आहे. रायफलच्या नळीमागे तीच शिस्त उभी राहिली, तेव्हा कांबळवाडीचे नाव पॅरिसपर्यंत पोहोचले. उडत्या तबकडीचे शास्त्र वेगळे असले, तरी तिला फोडणारी सवय त्याच तालमीत तयार होते.