ऐकणे हीसुद्धा उपासनाच

आपल्या मंडळाच्या कीर्तनांना आम्ही नेहमी येतो. मागच्या खेपेस एका स्नेह्यांनी विचारले, "तुमच्या ख्रिस्ती धर्मात श्रवणभक्ती असते का हो?" तेव्हा नुसतीच मान हलवली. नीट उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहोत.

असते, आणि मराठीत तिला चारशे वर्षे झाली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या, लिपी रोमन, भाषा मराठी. रविवारी आणि सणासुदीला ते देवळात मोठ्याने वाचले जाई आणि लोक बसून ऐकत. पुराण सांगावे, पुराण ऐकावे, ही आपलीच रीत. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही भजन-कीर्तनाला ख्रिस्ती उपासनेत मानाची जागा दिली.

पण देवळातले ऐकणे त्या मानाने सोपे. पवित्र शास्त्रात बाल शमुवेलाची गोष्ट आहे. रात्री त्याला कोणी हाक मारते. वृद्ध याजक एलीच बोलावतो आहे असे समजून तो तीनदा धावत जातो. हाक देवाची आहे, हे तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते. "ऐकतो आहे" असे उत्तर दे, हे तोच मुलाला शिकवतो. रविवारच्या शाळेत गोष्ट बहुधा इथेच संपते. खरी कसोटी पुढे आहे. देवाचा निरोप एलीच्या घराण्याविरुद्धच होता, कारण त्याने आपल्या मुलांना आवरले नव्हते. सकाळी एली म्हणतो, काही लपवू नकोस. आणि तो सगळे ऐकून घेतो. बचावाचा एक शब्दही काढत नाही.

आम्हाला हे जमत नाही. बँकेत काउंटरवर उमेदीची वर्षे गेली. ग्राहकाने तोंड उघडले की हात आपोआप फॉर्मकडे जाई. तिथे ते चालून गेले, पण सवय घरी आली. मुलगा काही सांगू लागला की त्याचे वाक्य पुरे होण्याआधी आमचा सल्ला तयार. एकदा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही ऐकत नाही, नुसते थांबता." नंतर त्याचे फोन दोन-चार मिनिटांचे झाले. जेवलात का, औषध घेतले का, एवढेच.

तेव्हापासून संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही थोडा बदल केला. शास्त्रपाठ झाला की लगेच प्रार्थना सुरू करीत नाही. दोन मिनिटे गप्प बसतो. (पहिले काही दिवस घड्याळाकडेच लक्ष असे.) मग एकाने दिवसभराचे सांगायचे. दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही, विचारल्याशिवाय उपायही सुचवायचा नाही. सौभाग्यवतींच्या मते आम्ही अजून काठावरच पास आहोत.

गेल्या रविवारी मुलगा चाळीस मिनिटे बोलला. नोकरी सोडायची म्हणतो. आम्हाला पटलेले नाही. त्याने अजून आमचे मत विचारलेले नाही, म्हणून सांगितलेलेही नाही.