भयपट ते कौटुंबिक कथा: हे तीन सिनेमे बघाच

'भ्रमयुगम्' (2024, मल्याळम): राहुल सदाशिवन यांचा कृष्णधवल भयपट. पडका वाडा, मोजकी माणसं आणि फाशांचा डाव. मामुट्टी नुसते हसले तरी अंगावर काटा येतो.

'मुंज्या' (2024): आदित्य सरपोतदार यांनी कोकणातलं भूत हिंदी पडद्यावर नेलं. गावातला भाग झकास जमलाय. उत्तरार्धात मात्र विनोदाच्या नादात भीती पातळ होते.

'साबर बोंडं' (2025): रोहन कानवडे यांचा मराठी सिनेमा, सनडान्स चित्रपट महोत्सवातल्या ग्रँड ज्युरी पुरस्काराचा मानकरी. वडिलांच्या सुतकात आनंद मुंबईहून गावी येतो, तिथे बालमित्र बाळ्या भेटतो. नातेवाईक आनंदच्या लग्नाचा विषय काढत राहतात आणि संथ कॅमेरा त्याची घुसमट टिपत राहतो. तिन्हींत माझा पहिला नंबर यालाच. असे सिनेमे थिएटरात टिकवायचे असतील, तर पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा.